दर्शनी संहितेचे गठ्ठे आणि मराठी वाचक : विकिपीडियाच्या रिसोर्सलोडरची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : दर्शनी संहिता, बंडलिंग, रिसोर्सलोडर, मराठी विकिपीडिया, देवनागरी फाँट

प्रास्ताविक

संकेतस्थळाची समीक्षा म्हटली की आपल्याकडे बहुधा त्यावरील मजकुराची आणि फार तर रंगसंगतीची चर्चा होते. मजकूर वाचकाच्या दृष्टीस पडण्यापूर्वी त्याच्या यंत्रावर जी संहिता उतरते, तिची चिकित्सा मराठीत क्वचितच झालेली दिसते. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न केला आहे. विवेचनासाठी मराठी विकिपीडियामागील संहिता-वाहक यंत्रणेची निवड केली आहे. ही यंत्रणा खुली असल्याने कोणासही तपासता येते, आणि तिच्या इतिहासात मराठी वाचकाशी थेट संबंध असलेला एक प्रसंग आहे.

वेब-उपयोजनाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. एक सर्व्हरवर चालतो. दुसरा वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतो; त्यासच येथे दर्शनी संहिता म्हटले आहे. पानाची रचना सांगणारी एचटीएमएल, रूप ठरविणारी सीएसएस, वर्तन घडविणारी जावास्क्रिप्ट आणि यांच्यासमवेत येणारे फाँट व चित्रे यांचा तीत समावेश होतो. सर्व्हरवरील संहितेचा खर्च तिचा मालक सोसतो. दर्शनी संहितेचा खर्च वाचक सोसतो. त्याचा डेटा, त्याची बॅटरी आणि त्याचा वेळ यांतून तो वसूल होतो. म्हणूनच दर्शनी संहितेची बांधाबांध हा केवळ तांत्रिक सोयीचा विषय नसून ओझे कोणी वाहावयाचे याचा निर्णय आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

हा लेख ज्या मुळशी तालुक्यातून लिहिला जात आहे, तेथे या प्रश्नाची दोन्ही टोके नांदतात. तालुक्याच्या पूर्व बाजूस हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. देशोदेशीच्या कंपन्यांची संहिता तेथे लिहिली जाते. पुणे-पौड रस्त्यावरील कासार आंबोलीपासून पुढे ताम्हिणीच्या दिशेने निघाले की डोंगराआड मोबाइलच्या नेटवर्कच्या रेघा कमी होऊ लागतात. लिहिणारा आणि वाचणारा एकाच तालुक्यातले, परंतु लिहिणाऱ्याच्या टेबलावरील जोडणी पाहून बांधलेला गठ्ठा वाचणाऱ्याच्या हाती तसाच वेगाने पडत नाही.

गठ्ठा बांधण्याचे शास्त्र

‘बंडल’ हा शब्द मराठीने केव्हाच आपलासा केला आहे (त्याचा दुसरा अर्थही आपल्याला चांगलाच परिचित आहे). दर्शनी संहितेच्या संदर्भात त्याचा अर्थ सरळ आहे. विकसक आपल्या सोयीसाठी संहिता शेकडो लहान फाइलींत लिहितो; वाचकाकडे पाठविताना त्या एकत्र करून, त्यांतील टिपा व मोकळ्या जागा काढून, थोड्या फाइलींचे गठ्ठे केले जातात.

हे का करावे लागते, हे परीक्षा विभागात काम केलेल्या प्राध्यापकास समजावून सांगण्याची गरज नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची प्रश्नपत्रिका स्वतंत्र लिफाफ्यात घालून स्वतंत्र शिपायाकरवी धाडली, तर परीक्षा सुरू होणार नाही. उलट सर्व विषयांच्या सर्व प्रश्नपत्रिकांचा एकच गठ्ठा प्रत्येक दालनात पाठविला, तर पर्यवेक्षक आपला विषय शोधीत बसेल. दालनवार, विषयवार, मोजून गठ्ठे बांधावे लागतात, आणि ते मोजण्यासाठी कोणत्या दालनात कोण बसणार हे ठाऊक असावे लागते.

एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीत ब्राउझर एका सर्व्हरशी एकाच वेळी साधारणतः सहा जोडण्या उघडतो. बाकीच्या फाइली रांगेत थांबतात. त्या काळात मागण्यांची संख्या कमी करणे हा पहिला नियम मानला गेला. याहूत काम करताना स्टीव्ह सूडर्स यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात तोच नियम अग्रस्थानी ठेवला. पुढे २०१२ पासून विकसित होत गेलेल्या वेबपॅकने फाइलींमधील परस्परावलंबनाचा आलेख काढून त्यावरून गठ्ठे बनविण्याची पद्धत रूढ केली. रोलअपने न वापरलेला भाग झाडून टाकण्यावर भर दिला. २०२० मध्ये आलेल्या ईएसबिल्ड व व्हीट यांनी बांधणीचा वेग कमालीचा वाढविला. मधल्या काळात, मे २०१५ मध्ये, एचटीटीपी/२ चे प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्यात एकाच जोडणीवरून अनेक फाइली समांतर येऊ शकतात. सगळे एकत्र बांधण्यामागील जुने कारण त्यामुळे पुष्कळसे सैल झाले. तरीही एकच अजस्र गठ्ठा बांधण्याची सवय गेलेली नाही. नियम स्मरणात राहिला आणि त्याचे कारण विस्मरणात गेले, असा हा प्रकार आहे.

रिसोर्सलोडरचे गुण आणि त्याची किंमत

मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ चा. तो ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्या १.१७ या आवृत्तीत २०११ साली रिसोर्सलोडर ही यंत्रणा दाखल झाली. ट्रेव्हर पार्स्कल व रोन कट्टाऊ हे तिचे प्रमुख रचनाकार. वेबपॅकसारखी साधने प्रकाशनापूर्वी एकदाच गठ्ठे बांधून ठेवतात. रिसोर्सलोडर मात्र वाचकाची मागणी आल्यावर गठ्ठा बांधतो आणि बांधलेला गठ्ठा काही काळ जपून ठेवतो. हा फरक तयार कपड्यांचे दुकान आणि शिंपी यांतील फरकासारखा आहे. विकिपीडियाच्या तीनशेहून अधिक भाषिक आवृत्त्या, प्रत्येक विकीच्या स्थानिक संहिता आणि प्रत्येक सदस्याने निवडलेली उपकरणे यांचे सर्व संभाव्य गठ्ठे आधीच शिवून ठेवणे अशक्यप्राय होते. शिंप्याची निवड येथे योग्यच म्हणावी लागेल.

या रचनेतील एक बाब भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. संहितेच्या प्रत्येक घटकासमवेत बटणांवरील व सूचनांतील शब्द पाठवावे लागतात. रिसोर्सलोडर ते केवळ वाचकाच्या भाषेतील पाठवितो. मराठी वाचकाच्या गठ्ठ्यात मराठी शब्दच येतात. ही गोष्ट सहज वाटेल, पण बहुभाषिक म्हणविणाऱ्या कित्येक उपयोजनांत सर्व भाषांचे कोश एकाच गठ्ठ्यात कोंबलेले आढळतात. तेथे मराठी वाचक आपला एक शब्द मिळविण्यासाठी इतर डझनभर भाषांचे शब्द उतरवून घेतो, आणि त्यांचे पैसेही भरतो.

‘मराठी मजकूर मुळातच जड असतो’ ही नेहमीची तक्रारही येथे तपासून घ्यावयास हवी. यूटीएफ-८ या संकेतनात रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरी वर्णास तीन. एवढ्यावरून मराठी तिप्पट महाग असा निष्कर्ष काढला जातो. परंतु देवनागरीच्या त्या तीन बाइटांपैकी पहिला सर्वत्र एकच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. अशी पुनरावृत्ती संपीडनास फार अनुकूल असते. सर्व्हरवर संपीडन सुरू असेल, तर तिपटीचा बराचसा भाग वाटेतच विरून जातो. ही तक्रार अर्धीच खरी आहे. खरे ओझे फाँटचे आहे, आणि त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

तत्पूर्वी रिसोर्सलोडरच्या एका मर्यादेची नोंद आवश्यक आहे. कोणता घटक कोणावर अवलंबून आहे आणि त्याची आवृत्ती कोणती, याची सूची प्रारंभीच ब्राउझरकडे पाठवावी लागते. वाचकास त्या घटकांची गरज असो वा नसो, नोंद मात्र सर्वांची येते. म्हणजे घटकांचे बारीक तुकडे करीत गेल्यास गठ्ठे हलके होतात, परंतु सूची फुगते. गठ्ठ्यांचा हिशेब ठेवणारी वही स्वतःच एक गठ्ठा होऊन बसते. दुसरी मर्यादा सामाजिक आहे. प्रत्येक विकीवर ‘कॉमन.जेएस’ नावाचे एक पान असते. त्यात घातलेली संहिता त्या विकीच्या प्रत्येक वाचकाकडे जाते. एखाद्या उत्साही प्रचालकाने एका सोयीसाठी टाकलेल्या चार ओळी वर्षानुवर्षे लाखो वेळा उतरविल्या जाऊ शकतात, कारण टाकणाऱ्यास त्यांचे वजन दिसत नाही आणि काढणारा सहसा कोणी नसतो. ऑगस्ट २०१८ मध्ये ही पाने संपादित करण्याचा अधिकार सर्वसाधारण प्रचालकांकडून काढून एका वेगळ्या गटाकडे देण्यात आला. तो निर्णय सुरक्षिततेसाठी होता. वजनाचा प्रश्न त्यातून सुटला असे म्हणता येत नाही.

फाँटचा प्रसंग

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. २०११ च्या सुमारास पुष्कळ संगणकांवर विंडोज एक्सपी होती. तीत देवनागरी नीट उमटण्यासाठी जटिल लिप्यांचे साहाय्य स्वतंत्रपणे बसवावे लागे, आणि त्यासाठी अनेकदा मूळ सीडी शोधावी लागे. जुन्या अँड्रॉइड फोनांवरही देवनागरीची अवस्था बिकटच होती. मराठी पान उघडले की अक्षरांऐवजी चौकोन दिसत, किंवा ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे. या परिस्थितीत २०११ च्या अखेरीस विकिमीडियाने भारतीय भाषांतील विकींसाठी वेबफाँट्स हा विस्तार आणला. वाचकाकडे फाँट नसेल तर तो पानासोबतच पाठवावयाचा, ही त्यामागील कल्पना. देवनागरीसाठी रेड हॅटच्या आश्रयाने विकसित झालेले मुक्त परवान्याचे लोहित कुलातील फाँट उपलब्ध होते. या कामाशी पुण्याचा संबंध आहे. रेड हॅटच्या पुणे केंद्रात भारतीय भाषांच्या स्थानिकीकरणाचे काम चाले, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये रेड हॅट व विकिमीडिया यांची मुक्त-स्रोत भाषा परिषदही पुण्यातच भरली होती. पुढे २०१३ मध्ये फाँट, टंकलेखन आणि भाषानिवड या तीनही सोयी युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर या एका विस्तारात एकत्र बांधण्यात आल्या.

२१ जानेवारी २०१४ रोजी हा विस्तार विकींवर मूलतः बंद करण्यात आला. फाँट उतरविल्यामुळे काही विकींवर पाने संथ होत असल्याचे विकिमीडियाच्या तांत्रिक चमूस आढळले होते. प्रवेश केलेल्या सदस्यांसाठी तो सुरू करण्याचा पर्याय ठेवला गेला. सुमारे महिनाभराने विस्तार पुन्हा आला, मात्र फाँट पुरविण्याची सोय वेगळ्या चौकटीत टाकून अनेक विकींवर ती मूलतः बंद ठेवण्यात आली.

या निर्णयाचे मूल्यमापन कसे करावे? तत्कालीन उपाय म्हणून तो समर्थनीय होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांमुळे शेकडो आकृत्या असतात आणि तो लॅटिन फाँटहून पुष्कळ जड होतो. पान आधी यंत्रावरील फाँटमध्ये उमटावे, मग नवा फाँट उतरावा आणि सारे पान पुन्हा रंगविले जावे, यात वाचनाचा रसभंग होतो. ज्यांच्या यंत्रात देवनागरी आधीच होती, त्यांना या सोयीचा काहीच उपयोग नव्हता. त्यांच्यावर केवळ तिचा भार होता. २०१४ पर्यंत अशा वाचकांची संख्या वाढत चालली होती.

परंतु निर्णयाची बांधणी पाहिली असता त्यातील दोष स्पष्ट होतो. एकाच विस्तारात तीन वेगळ्या गरजा एकत्र बांधल्या गेल्यामुळे एकीचा दोष तिघींना भोवला. फाँट संथ होता. टंकलेखनाची सोय संथ नव्हती. ती सोय पुरविणाऱ्या संहितेत मराठीसाठी लिप्यंतरण, इनस्क्रिप्ट असे पर्याय आहेत. प्रत्येकाचे नियम वेगळ्या फाइलीत ठेवलेले असून वाचकाने तो पर्याय निवडल्यावरच ती फाइल मागविली जाते. न लिहिणाऱ्या वाचकावर तिचा भार जवळजवळ पडत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण रचनेतील हा सर्वांत सुज्ञ भाग आहे. तरीही २१ जानेवारीस तीही फाँटसोबत मिटली. गठ्ठा चुकीच्या ठिकाणी बांधला गेला की सोडतानाही चुकीच्या ठिकाणी सोडावा लागतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. बंद झालेली सोय ज्यास हवी त्याने ती पर्यायांच्या पटलातून सुरू करावी, अशी व्यवस्था होती. पण ती कोणास हवी होती? ज्याच्या यंत्रावर देवनागरी उमटत नाही त्यास. मराठी विकिपीडियावरील ते पटल कोणत्या लिपीत होते? देवनागरीत. चौकोन दिसणाऱ्या वाचकाने चौकोनांतूनच वाट काढून योग्य चौकोनावर टिचकी मारावी, अशी ही अपेक्षा होते. सरासरी वेगाच्या मोजमापात हा वाचक दिसत नाही. ज्याला पान वाचताच येत नाही, त्याच्याकडेही पान ‘वेगाने’ उतरलेलेच असते.

इंग्रजी पानात फाँट हा बहुधा अलंकार असतो. तो न आल्यास दुसरा रोमन फाँट त्याची जागा घेतो आणि मजकूर शाबूत राहतो. त्या काळच्या मराठी पानात काही वाचकांसाठी फाँट हाच मजकूर होता. एकाच तांत्रिक प्रवर्गात मोडणाऱ्या या दोन गोष्टी अर्थाच्या दृष्टीने भिन्न आहेत, आणि गठ्ठे बांधणाऱ्यास हे भान असावयास हवे. लिपी यंत्रावर उमटते की नाही हे आधी तपासावे आणि उमटत नसेल तरच फाँट मागवावा, ही युक्ती याच विस्तारात योजली गेली होती. ती पुरेशी पक्की होईपर्यंत सरसकट ‘सुरू’ आणि सरसकट ‘बंद’ यांच्यामध्येच हेलकावे घेतले गेले. योग्य उत्तर मधल्या वाटेवर होते.

ल, श आणि एक लहानसा गुणधर्म

आज बहुतेक फोनांवर देवनागरी असते. मग फाँटचा प्रश्न संपला काय? तसे दिसत नाही; त्याचे स्वरूप बदलले आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व लिपी अद्ययावत केली. ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे त्यात आली. हा शासननिर्णय ब्राउझरमध्ये अमलात येतो तो एका लहानशा गुणधर्मातून. पानाच्या आरंभी भाषा ‘एमआर’ अशी नोंदविली असेल आणि फाँटमध्ये मराठी रूपांची सोय असेल, तर ब्राउझर मराठी ल आणि श काढतो. एरवी हिंदी वळण येऊ शकते. मराठी विकिपीडियाच्या पानांवर ही नोंद असते. व्हीटसारख्या लोकप्रिय साधनांच्या आरंभीच्या साच्यात मात्र भाषा ‘ईएन’ म्हणजे इंग्रजी अशी लिहून येते. विद्यार्थी तो साचा घेतात, त्यात मराठी मजकूर भरतात आणि ती ओळ तशीच राहते. गठ्ठा उत्तम बांधला जातो, पण त्यातील भाषेचे नाव चुकलेले असते.

फाँट हलका करण्यासाठी त्यातील ‘अनावश्यक’ आकृत्या छाटण्याचीही रीत आहे. ती मुळात चांगली आहे. फाँटचे लिपीवार तुकडे करून, पानात देवनागरी असेल तरच तो तुकडा उतरविण्याची सोय सीएसएसमध्ये आहे, आणि मुंबईच्या एक टाइपने घडविलेल्या मुक्ता या फाँटसारखे फाँट गूगलच्या सेवेतून अशाच तुकड्यांनी मिळतात. धोका आहे तो हाताने केलेल्या छाटणीत. हिंदीच्या वर्णसूचीवरून छाटणी केल्यास ळ, ऱ आणि ॲ हे वर्ण गळू शकतात. ॲ तर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या फाँटांत तो नाहीच. गळलेले अक्षर ब्राउझर दुसऱ्या फाँटमधून आणतो, आणि शब्दाच्या मध्येच वळण बदलते. जोडाक्षरांचे नियम छाटले गेले तर परिणाम याहून वाईट होतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत दरी आणि समुद्र यांचे अंतर आहे. वजन कमी करण्याच्या नादात ते अंतर पुसले जाता कामा नये.

अध्यापनातील स्थान

आपल्या संगणक अभ्यासक्रमांतून दर्शनी संहितेचे व्यवस्थापन शिकविले जाते ते प्रामुख्याने आज्ञांच्या रूपात. कोणती आज्ञा दिली असता गठ्ठा तयार होतो, हे विद्यार्थ्यास येते. त्या गठ्ठ्यात काय गेले, कोणासाठी गेले आणि त्याचे वजन किती, हे त्यास सहसा विचारले जात नाही. परक्या पॅकेजांविषयीही असेच घडते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने एनपीएम या भांडारातून काढून घेतले आणि जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. त्या अकरा ओळी कोणासही स्वतः लिहिता आल्या असत्या. आपण कोणावर विसंबून आहोत हे गठ्ठा उघडून पाहिल्याखेरीज कळत नाही, आणि उघडून पाहण्याची सवय वर्गातच लावावी लागते.

त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. ब्राउझरमधील विकसक-पटलात नेटवर्कचा वेग कृत्रिमरीत्या कमी करता येतो आणि साठविलेल्या फाइली वगळून पान पहिल्यांदा उघडल्यासारखे उघडता येते. विकिपीडियाच्या पत्त्यापुढे ‘डीबग’चा पर्याय जोडला की रिसोर्सलोडर आपली संहिता आक्रसून न टाकता वाचनीय रूपात देतो, इतकी सुबक, टिपांसहित लिहिलेली खरीखुरी संहिता विद्यार्थ्यांना अन्यत्र फुकट वाचावयास मिळणे दुर्मीळ आहे. भाषा विभाग आणि संगणक विभाग यांनी मिळून घ्यावयाचे हे प्रात्यक्षिक आहे, कारण अक्षर चुकले हे एकास कळेल आणि ते का चुकले हे दुसऱ्यास.

तपासणीसाठी लांबलचक उताराही नको. ‘कासार आंबोली, तालुका मुळशी’ एवढा पत्ता पुरे. त्यातील ल मराठी वळणाचा आला काय, ळ त्याच फाँटमधून उमटला काय आणि श कोणत्या रूपात दिसतो, हे पाहावे. मग पानाची भाषा ‘ईएन’वरून ‘एमआर’ करून पुन्हा पाहावे, आणि प्रत्येक वेळी किती किलोबाइट उतरले ते वहीत मांडावे.